हिरवळीसाठी बसवलेली स्वयंचलित फवाऱ्यांची यंत्रणा: बावधनच्या एका सोसायटीतील वर्षभराचा अनुभव

बावधनमधील आमच्या सोसायटीच्या मध्यभागी साधारण ६,००० चौरस फुटांची हिरवळ आहे. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आम्ही तिच्यासाठी पुण्यातीलच एका कंपनीकडून स्वयंचलित फवाऱ्यांची यंत्रणा बसवून घेतली. बाग समितीचे काम माझ्याकडे असल्यामुळे दरपत्रके मागवण्यापासून खोदाईवर उभे राहण्यापर्यंत आणि त्यानंतर हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असे तिन्ही ऋतू या यंत्रणेबरोबर काढण्यापर्यंत सारे काही मी जवळून पाहिले. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण मला आढळलेले दोष तिच्या एकटीचे आहेत असे मला वाटत नाही. दरपत्रकांच्या वेळी मी ज्या चार जणांशी बोलले, त्या चौघांनीही पाणी कसे उडेल हे बारकाईने सांगितले आणि ते किती व केव्हा द्यायचे या प्रश्नाला ‘रोज दहा मिनिटे’ एवढेच उत्तर दिले.

माझे मत आधीच सांगते. यंत्रसामग्रीला मी पाचपैकी चार गुण देईन. बसवल्यानंतरच्या सेवेला अडीच. या दोन आकड्यांमधले अंतर कशामुळे पडले, हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे, कारण तेवढे समजून घेतल्याशिवाय ही खरेदी कोणी करू नये असे मला मनापासून वाटते.

आमच्या हिरवळीचे दोन भाग आहेत. मधला मोठा, दिवसभर उघड्या उन्हात असणारा सुमारे ५,२०० चौरस फुटांचा भाग ‘सिलेक्शन वन’ गवताचा आहे. ही मुळात आपल्या हरळीचीच निवडलेली जात होय. क्लब हाउसच्या पूर्वेची, दुपारनंतर सावलीत जाणारी ८०० चौरस फुटांची पट्टी ‘मेक्सिकन’ गवताची आहे. मोठ्या भागात सहा-सहाच्या दोन गटांत बारा फिरते फवारे बसवले आणि पट्टीत आठ स्थिर फवाऱ्यांचा तिसरा गट केला. एरवी हे फवारे जमिनीच्या पातळीत दडलेले असतात, पाण्याचा दाब आला की वर येतात आणि काम झाले की पुन्हा खाली बसतात, त्यामुळे गवत कापण्याचे यंत्र वरून सहज फिरते आणि मुलांच्या पायांनाही ते लागत नाहीत. प्रत्येक गटाला स्वतंत्र व्हॉल्व्ह आहे आणि ते तिन्ही व्हॉल्व्ह पंपाच्या खोलीतील भिंतीवरच्या कंट्रोलरकडून उघडतात आणि बंद होतात. पाणी आमच्याच सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचे, म्हणजे एसटीपीचे आहे. एकूण खर्च १ लाख ८५ हजार रुपये आला.

त्याआधी आमचे माळीमामा रोज सकाळी दोन तास पाइपने पाणी घालत. ते जीव लावून काम करणारे गृहस्थ आहेत. पण पाइपच्या तोंडाला अंगठा लावून उभ्या असलेल्या माणसाला कोपऱ्यात किती पडले आणि मध्यभागी किती पडले हे कळणे शक्य नसते. मीटरवर पाहिले तेव्हा त्या दोन तासांत सुमारे ३,००० लिटर पाणी जात होते आणि तरीही हिरवळीवर पिवळे व हिरवे पट्टे उमटत. सभासदांची अपेक्षा मोठी होती. सिंहगड रस्त्यावर जपानी धाटणीचे, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून आखलेले पु. ल. देशपांडे उद्यान आहे. तिथली सलग, काठापर्यंत एकसारखी हिरवळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना आपल्याही अंगणात तसेच काही असावे असे वाटते, आणि त्या वाटण्यात वावगे काहीच नाही.

बसवण्याचे काम नीटनेटके झाले, हे नि:संकोच सांगायला हवे. चर सरळ खणले, गवताच्या लाद्या ओल्या गोणपाटाखाली ठेवून दुसऱ्याच दिवशी परत बसवल्या आणि एका फवाऱ्याचे पाणी शेजारच्या फवाऱ्यापर्यंत पोहोचेल इतक्याच अंतरावर फवारे लावले. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. फवाऱ्याचे पाणी त्याच्या अवतीभवती सारखे पडत नाही, म्हणून दोन बाजूंचे पाणी एकमेकांवर पडले तरच भरपाई होते. पैसे वाचवण्यासाठी अंतर वाढवले की मध्ये कोरडी वर्तुळे राहतात आणि मग ती कितीही वेळ पाणी सोडले तरी भिजत नाहीत. आमच्याकडे ती काटकसर कोणी केली नाही.

चूक झाली ती पुढे. जाताना कंपनीच्या माणसाने कंट्रोलरवर तिन्ही गटांना रोज संध्याकाळी साडेसहा वाजता दहा-दहा मिनिटे अशी वेळ लावून दिली. चरांवर नव्याने बसवलेल्या लाद्यांना पहिले दोन-तीन आठवडे असे थोडे थोडे आणि वारंवार पाणी लागतेच, कारण त्यांची मुळे तोडलेली असतात आणि वरचा थर सुकू देऊन चालत नाही. परंतु मुळे धरल्यानंतर ही वेळ बदलावी लागते, हे ना कोणी सांगितले, ना कोणी बदलायला आले. आम्हीही यंत्र आपले काम करते आहे या समाधानात राहिलो.

जानेवारीअखेरपर्यंत मोठा भाग बरा दिसत होता. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा १० अंशांच्या आसपास उतरते. हरळी काय किंवा मेक्सिकन काय, ही उष्ण हंगामातली गवते २७ ते ३५ अंशांत सर्वांत जोमाने वाढतात. थंडीत त्यांची वाढ मंदावते, रंग थोडा उतरतो आणि पाण्याची गरजही कमी होते. म्हणून पाण्याचे चुकलेले गणित या दिवसांत उघडे पडत नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचे ऊन तापू लागले आणि मोठ्या भागाच्या हिरव्या रंगात निळसर राखाडी झाक दिसू लागली. संध्याकाळी मुले खेळून गेली की त्यांच्या पावलांचे ठसे अर्ध्या तासानंतरही तसेच राहत. ताजे, पाणी प्यालेले गवत पाय उचलताच पुन्हा उभे राहते. गुडघ्यावर बसून एक पाते हातात घेतले तर ते लांबीत मिटून सुईसारखे झाले होते. गवताला तहान लागल्याच्या या तीन खुणा आहेत आणि त्या गवत पिवळे पडण्याच्या कितीतरी आधी दिसतात.

नवल असे, की त्याच यंत्रणेतून तेवढीच मिनिटे पाणी मिळणारी मेक्सिकनची पट्टी मात्र चिखलाने भरली होती. तिच्यात लव्हाळा माजला होता, क्लब हाउसच्या पायरीलगत शेवाळ धरले होते आणि जानेवारीत तिच्यावर बुरशीचे दोन-तीन हातभर गोल, तपकिरी चट्टेही पडून गेले होते. एका भागाला उपास आणि दुसऱ्याला अजीर्ण, आणि दोघांच्याही पानात वाढलेली मिनिटे मात्र सारखीच! हे कोडे सोडवल्याशिवाय मला चैन पडेना.

त्यासाठी जे केले ते कोणीही एका सकाळी करू शकेल. सोसायटीतून मी रसगुल्ल्याचे अठरा रिकामे टिनचे डबे गोळा केले. हे डबे सरळ बाजूंचे असतात. वर रुंद आणि खाली निमुळते असलेले प्लास्टिकचे पेले या कामाला चालत नाहीत, कारण त्यांत पाण्याची उंची खरी मिळत नाही. बारा डबे मोठ्या भागात आणि सहा पट्टीत, फवाऱ्यांच्या जवळ, मध्ये आणि कडेला असे मांडले, प्रत्येक गट मोजून अर्धा तास चालवला आणि मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी प्रत्येक डब्यात उभी धरून पाण्याची उंची वहीत लिहिली. मोठ्या भागात सरासरी ६ मिलिमीटर पाणी साठले होते. पट्टीत २० मिलिमीटर. शिवाय मोठ्या भागातही सारखेपणा नव्हता: मध्यभागी एका डब्यात ९, तर कुंपणाकडच्या कोपऱ्यात जेमतेम अडीच.

म्हणजे रोजच्या दहा मिनिटांत मोठ्या भागाला २ मिलिमीटर पाणी मिळत होते आणि पट्टीला साडेसहाहून अधिक. कारण सरळ आहे. स्थिर फवारा आपल्या वाट्याच्या संपूर्ण जागेवर एकाच वेळी पाणी उडवतो, आणि आमच्या पट्टीत तो वेग तासाला ४० मिलिमीटर पडत होता. फिरता फवारा एकच धार सावकाश फिरवत नेतो, त्यामुळे एका जागी पाणी पडून धार पुन्हा तिथे येईपर्यंत वेळ जातो. तिथे वेग तासाला १२ मिलिमीटर होता. या दोन प्रकारच्या फवाऱ्यांना सारखी मिनिटे देणे हे या धंद्यातील माणसाकडून व्हायला नको होते. माझी कंपनीविरुद्धची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे, आणि ती मी त्यांना लेखी कळवली.

मिलिमीटरचा हिशेब अवघड वाटत असेल तर एवढे लक्षात ठेवावे, की १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात अशा गवताच्या हिरवळीतून दिवसाला साधारण ४ ते ५ मिलिमीटर पाणी उडून जाते, म्हणजे आठवड्याला ३० मिलिमीटरच्या आसपास. हिवाळ्यात याच्या निम्म्याने भागते. पण आठवड्याची बेरीज जमली म्हणजे झाले असे नाही. रोज दिलेले २ मिलिमीटर पाणी मातीपर्यंत पोहोचतच नाही; ते गवताच्या बुडाशी साचलेल्या वाळक्या काड्यांच्या थरात अडकते आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत उडून जाते. मी एक लांब पेचकस हिरवळीत खुपसून पाहिला. मोठ्या भागात तो दोन बोटे आत गेला आणि दगडावर टेकल्यासारखा थांबला. पट्टीत तो मुठीपर्यंत विनासायास गेला आणि बाहेर काढल्यावर त्याला आंबूस वास येत होता.

माझे सासरे बारामतीकडचे ऊस-बागायतदार. ते त्या वेळी आमच्याकडे राहायला आले होते. शेतकऱ्याच्या लेखी हरळी म्हणजे वैरीण. एकदा का ती काळ्या रानात शिरली की खोल नांगरट करून, मुळ्या वेचून, उन्हाळाभर ढेकळे तापवूनही ती पुरती जात नाही. अशा चिवट गवताला उन्हात माना टाकताना पाहून त्यांना खरोखरच आश्चर्य वाटले. त्यांनी खुरप्याने एक लहानशी ढेप काढून तिची मुळे मला दाखवली. ती बोटाच्या दोन पेरांएवढीही नव्हती. “पोरी, रोज घोट घोट पाजलंस तर हिची मुळी खाली कशाला जाईल? रान वाफशावर येऊ दे, मग पाण्याची पाळी दे,” असे ते म्हणाले.

वाफसा हा शब्द शहरात फारसा ऐकू येत नाही, पण हिरवळ राखणाऱ्या प्रत्येकाने तो शिकावा. भरपूर पाणी दिल्यानंतर जास्तीचे पाणी निचरून जाते, मातीच्या कणांभोवती ओल राहते आणि कणांमधल्या पोकळ्यांत पुन्हा हवा खेळू लागते. ती अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबली की तिचा गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की तो फुटावा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि आमच्या पट्टीत ती हवा कधी शिरलीच नव्हती. याउलट वीतभर खोल ओल देऊन मग वरचा थर सुकू दिला की मुळे ओलीच्या मागे खाली जातात. हरळीच्या अंगी ही ताकद जन्मजात आहे. ऊस, ज्वारी आणि मका यांच्याप्रमाणेच तीही कडक उन्हात कमी पाण्यावर वाढण्याची क्षमता असलेल्या गटातील आहे. तिला फक्त तशी सवय लावावी लागते.

ही सवय एका दिवसात लावता येत नाही. दोन पेरांच्या मुळांच्या गवताला एकदम चार दिवस कोरडे ठेवले तर ते खरेच जळेल. “ताई, गवत गेलं तर लोक मला बोलतील,” ही माळीमामांची भीती रास्त होती. आम्ही सहा आठवडे घेतले. आधी एक दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या, आणि प्रत्येक वेळी मिनिटे वाढवत नेली. गवत कापण्याची उंचीही याच काळात २ सेंटिमीटरवरून ४ वर नेली. पाळी केव्हा द्यायची हे ठरवण्यासाठी माळीमामा दुपारी चार वाजता हिरवळीवरून एक फेरी मारून आपल्याच पावलांचे ठसे पाहू लागले. ठसे राहिले की दुसऱ्या पहाटे पाणी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, हवामान खात्याच्या पुण्यातील शिमला ऑफिसच्या नोंदीत पारा ४० अंशांजवळ असताना, तिसऱ्या दिवशीही ठसे राहिले नाहीत, आणि ते स्वतःच मला बोलवायला आले.

मे महिन्यात आमचे वेळापत्रक असे होते: साडेतीन ते चार दिवसांच्या अंतराने, म्हणजे आठवड्यातून दोनदा, मोठ्या भागाला १५ मिलिमीटर पाणी. त्यासाठी प्रत्येक गटाला ७५ मिनिटे लागतात. पण ती सलग दिली नाहीत. आमच्या आवारात बांधकामानंतर टाकलेल्या मुरमावर वीतभर माती आहे आणि तीही चिकट आहे, त्यामुळे पाणी जितक्या वेगाने पडते तितक्या वेगाने ती ते पीत नाही. म्हणून २५ मिनिटांच्या तीन फेऱ्या केल्या: पहिला गट, मग दुसरा, मग पट्टी, आणि पुन्हा पहिला. एका गटाचे पाणी मुरत असते तेव्हा दुसरा गट चालू असतो. पट्टीत आठव्या मिनिटाला पाणी पेव्हर ब्लॉकवर वाहू लागते हे घड्याळ लावून पाहिले आणि तिची फेरी सात मिनिटांची ठेवली; ती अर्धा दिवस सावलीत असल्यामुळे तिला अशा दोनच फेऱ्या पुरतात. काळ्या मातीवर हिरवळ असेल तर फेऱ्या आणखी लहान कराव्या लागतील. तीन फेऱ्या आणि तीन गट एवढे वेळापत्रक हा कंट्रोलर व्यवस्थित सांभाळतो, आणि हाताने पाणी घालणाऱ्या माणसाकडून ते कधीच होणार नाही. यंत्रणेची खरी किंमत येथे वसूल होते.

पाण्याची वेळही आम्ही बदलली. संध्याकाळी साडेसहाला फवारे चालू झालेले पाहणे सर्वांना आवडत असे, हे मी समजू शकते. पण त्या वेळी भिजलेली पाती रात्रभर ओली राहतात, त्यात थंडीच्या दिवसांत दव पडते आणि बुरशीला हवी ती परिस्थिती आपणच तयार करून देतो. आता पहिली फेरी पहाटे साडेतीनला सुरू होते आणि साडेसहाच्या आत सारे आटोपते. पहाटे वारा पडलेला असतो, त्यामुळे धार भरकटत नाही, आणि ऊन वर आले की पाती लगेच सुकतात. एसटीपीच्या पाण्याचे तुषार उडत असताना आसपास माणसे नसलेली बरी, हेही एक कारण आहेच. पट्टीवरचे तपकिरी चट्टे त्यानंतर पुन्हा दिसलेले नाहीत.

एसटीपीच्या पाण्याबद्दल थोडे. पुण्यातील मोठ्या गृहसंकुलांत हे पाणी बागेला वापरणे योग्यच आहे. खडकवासल्याचे पिण्याचे पाणी मे महिन्यात गवतावर ओतणे मला पटत नाही. पण या पाण्यात बारीक गाळ असतो आणि क्षारही असतात. गाळासाठी कंपनीने चकत्यांचा फिल्टर बसवला आहे. तो दर आठवड्याला उघडून धुवावा लागतो, आणि हे काम कोणाचे हे करारात लिहिलेले नव्हते. मार्चमध्ये तो इतका तुंबला की फवारे पूर्ण वरच येईनात. क्षारांचे म्हणाल तर हरळी ते बऱ्यापैकी सहन करते. तरीही आम्ही महिन्यातून एक पाळी थोडी जास्त देतो, म्हणजे साचलेले क्षार मुळांच्या खाली धुऊन जातात.

पावसाळ्यात एक चूक लक्षात आली. यंत्रणेबरोबर पाऊस ओळखणारे एक उपकरण येते. त्यातील चकत्या पावसाने भिजून फुगतात, कळ दाबली जाते आणि कंट्रोलर पाणी सोडत नाही. उपकरण साधे आणि भरवशाचे आहे. मात्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर संततधार चालू असताना पहाटे आमचे फवारेही चालू होते! शिडी लावून पाहिले तेव्हा ते उपकरण क्लब हाउसच्या छज्जाच्या बरोबर खाली बसवलेले आढळले. त्याच्यावर पावसाचा एक थेंबही पडत नव्हता. ते मोकळ्या गच्चीच्या कठड्यावर हलवल्यापासून उत्तम चालते. पुढे जुलैअखेर पावसाने उघडीप दिली तेव्हा चकत्या सुकल्या आणि यंत्रणा आपोआप चालू झाली. त्या दिवसांत हिरवळीवर एकही डाग पडला नाही.

दुसरी अडचण विजेची. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे आपल्याला सवयीचे आहे. अशाच एका गुरुवारी वीज परत आल्यावर कंट्रोलरचे घड्याळ पुसले गेले आणि तो कारखान्यातील मूळ वेळापत्रकावर, म्हणजे पुन्हा रोज दहा मिनिटांवर गेला. आतमध्ये बॅटरीची जागा होती. बॅटरी मात्र कोणी घातलेली नव्हती. जे कोणी अशी यंत्रणा घेतील त्यांनी ताबा घेतानाच झाकण उघडून ती पाहावी.

पाण्याचा वर्षभराचा हिशेब मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ‘निम्मे पाणी वाचते’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. पाइपच्या दिवसांत आठवड्याला सुमारे २१,००० लिटर पाणी जात होते. कंपनीच्या वेळापत्रकात ते १०,००० लिटरवर आले, पण ती बचत नव्हती, ती मोठ्या भागाची उपासमार होती. आमच्या सुधारलेल्या वेळापत्रकात मे महिन्यात आठवड्याला १५ ते १६ हजार लिटर लागले, आणि आता थंडी पडू लागल्यावर आठ-नऊ दिवसांतून एक पाळी पुरेशी होत असल्यामुळे साडेसहा हजारांच्या आसपास पुरते. उन्हाळ्यातील ऐन गरजेच्या वेळी फरक मोठा नाही; बाकीच्या महिन्यांत तो फार मोठा आहे. १०,००० लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे तर थंडीत आठवड्याला जवळजवळ दीड टँकर वाचतो.

कंपनीच्या सेवेबद्दल मला दोन परस्परविरोधी अनुभव सांगावे लागतील. कुंपणाकडच्या कोरड्या कोपऱ्याची तक्रार केल्यावर माणूस यायला नऊ दिवस आणि तीन फोन लागले. तपमान ३८ अंश असताना नऊ दिवस हा फार मोठा काळ असतो, आणि तोवर माळीमामांनी तो कोपरा झारीने जगवला. पण जो तंत्रज्ञ आला तो कामात पक्का निघाला. खचून तिरका झालेला फवारा त्याने वर उचलून ओळंब्यात बसवला, धार कुंपणापलीकडे रस्त्यावर जात होती तिचा कोन आवळला, नोझल बदलले आणि मी दाखवलेली डब्यांची वही उभ्या उभ्या पूर्ण वाचली. “मॅडम, असं मोजून आम्हाला कोणी दाखवत नाही,” तो म्हणाला आणि त्याने पुन्हा डबे मांडायला लावले. त्या कोपऱ्यात अर्ध्या तासात साडेपाच मिलिमीटर पाणी भरले. पावसाचे उपकरणही पुढे त्यानेच हलवले. माणसे चांगली आहेत. त्यांना वेळेवर पाठवणारी आणि बसवल्यानंतर हिरवळीकडे वळून पाहणारी व्यवस्था नाही.

ही खरेदी सर्वांनी करावी असे मला वाटत नाही. बंगल्यापुढे चार-पाचशे चौरस फुटांचे गवत असेल तर नळाला लावण्याचे साधे टायमर आणि एक हलवता येणारा फवारा पुरेसा आहे. डबे मांडून वेग एकदा मोजला की तेवढ्यावर उत्तम हिरवळ राखता येते. तीन-चार हजार फुटांच्या पुढे मात्र जमिनीखालची यंत्रणा घ्यावी, आणि ती घेताना फिरते व स्थिर फवारे एकाच गटात येऊ न देणे, वेगाच्या मोजणीनंतरच काम पूर्ण झाल्याची सही करणे, आणि नव्या लाद्या धरल्यावर वेळापत्रक बदलून देण्याची जबाबदारी कंपनीवर टाकणे, या गोष्टी दरपत्रकाच्या वेळीच लिहून घ्याव्यात.

आमच्या देखभाल कराराचे नूतनीकरण या महिन्यात आहे. कंपनीने वर्षाला १८,००० रुपये मागितले आहेत. समितीने त्याला होकार देताना तीन अटी घातल्या आहेत: तक्रारीनंतर ४८ तासांत भेट, दर आठवड्याच्या फिल्टर धुण्याचे माळीमामांना रीतसर प्रशिक्षण, आणि नोव्हेंबर, फेब्रुवारी, एप्रिल व जून अशा चार वेळा येऊन डब्यांच्या मोजणीसह वेळापत्रक बदलून देणे. पहिल्या दोन अटी त्यांनी मान्य केल्या आहेत. तिसरीवर बोलणे चालू आहे, आणि ती मान्य झाल्याशिवाय मी सही करणार नाही.